नवी म्हणजे नवी

ईशान, गेल्या रविवारी तू सांगितलंस की तुझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क वर्षात दुसऱ्यांदा गेली आणि तू बॅकअपवरून सगळं परत आणतो आहेस. मी लगेच विचारलं, "कुठल्या तारखेचा बॅकअप?" त्यावर मीरा हसली. आजी दुसरं काही विचारतच नाही, म्हणाली. खरं आहे. पण तारीख विचारण्याची ही सवय मला एका माणसामुळे लागली, आणि लागली तेव्हा उशीर झाला होता. त्या माणसाबद्दल मी तुम्हाला कधी काही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला थोडं माहीत आहे, तेही मला सोयीचं होतं तेवढंच.

त्यांना आम्ही सगुणभाऊ म्हणत असू. डिचोलीला आपल्या घरापासून चौथं घर त्यांचं. मूळचे पेडण्याकडचे, कोरगावचे. उभा जन्म बसवर कंडक्टर म्हणून काढला. आधी पेडणे ते म्हापसा, नंतर म्हापसा ते डिचोली. निवृत्त होऊनही त्यांच्या अंगातली बस उतरली नव्हती. आपल्या व्हरांड्यात आले की खिडकीचा गज एका हाताने धरून उभे राहायचे. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "असू दे टीचर, बसपाची सवयच ना." मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून सगळ्या वाड्याला मी टीचर. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर सांगायचे, "कंडक्टर उबोच आसता. बसले ते पॅसेंजर."

आणि या अविवाहित माणसाचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता लग्नं जुळवण्याचा. मोबदला म्हणून एक नारळ घेत, तोही लग्न पार पडल्यावर. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतली त्यांना ठाऊक नसलेली घरं थोडी असतील. कॉलेजात जाणाऱ्या मुली, नोकरीला लागलेले मुलगे, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर बसमध्ये चढले-उतरले होते. "घरात पळोवपाक गेल्यार सगळींच बरीं," ते म्हणत. "माणूस कळटा तो बसीत." उभ्या म्हातारीकडे पाहून कोण उठतो आणि कोण खिडकीबाहेर बघायला लागतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. कुठल्याही मुलाची शिफारस करताना त्यांचा पहिला शब्द असे, "जागा दिता." मुलगा जागा देणारा असला तर बाकीचं जमवून घेता येतं, असं त्यांचं मत होतं. मी चाळीस वर्षं मुलं शिकवली, पण मुलांची पारख इतक्या थोडक्या शब्दांत मला कधी सांगता आली नाही.

हे सगळं त्यांनी तीन लांब वह्यांत लिहून ठेवलं होतं. एका पावसाळ्यात मधल्या वहीला वाळवी लागली आणि धारगळ ते पार्से एवढा पट्टा नाहीसा झाला. मस्कतला असणाऱ्या पुतण्याने मग आपला वापरलेला लॅपटॉप पाठवून दिला. तो घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "टीचर, ह्याका वाळवी लागना मू?"

नाही लागत, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

सहा महिने दुपारी बसून आम्ही दोघांनी त्या वह्या लॅपटॉपमध्ये उतरवल्या. ते पाव विकणाऱ्या पदेराकडून गरम पोई घेऊन यायचे, मी चहा करायची. रकाने मी आखले: नाव, गाव, शिक्षण, नोकरी, पत्रिका. त्यांनी आणखी दोन मागून घेतले. एक "उतरपाची जागा", कारण माणूस त्यांना नावाने आठवत नसे, स्टॉपने आठवे. दुसरा नुसताच "शेरा". मी म्हटलं, शेरा म्हणजे काय लिहायचं? ते म्हणाले, "तें म्हजें." त्या रकान्यात अशा नोंदी होत्या: "एकटीच हासता." "बस चुकली तरी धांवना." "आवयची पिशवी धरता." एका मुलीपुढे लिहिलं होतं, "वाचता वाचता स्टॉप चुकता," आणि हळदणकरांच्या मुलापुढेही नेमकं तेच. ती दोघं एकमेकांच्या शोधात नव्हती, पत्रिकाही फारशी जमत नव्हती. सगुणभाऊंनी दोन्ही घरी एवढंच सांगितलं की ही दोघं आयुष्यभर एकत्र चुकीच्या स्टॉपवर उतरतील, भांडण होणार नाही. त्या लग्नाचा नारळ त्यांनी फोडला नाही, परसात लावला.

शिस्त माझी होती. एका माणसाची एकच पत्रिका ठेवायची. नवीन आली की त्याच नावाने साठवायची आणि जुनी काढून टाकायची. काम संपलं की दर शनिवारी नक्कल करायची. पहिल्या वर्षी मी ती पेन ड्राइव्हवर करत होते, आणि केली म्हणूनच वाचलो, कारण आठ महिन्यांत लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याने नवी घातली, मी पेन ड्राइव्हवरून सगळं परत आणलं. सगुणभाऊ माझ्याकडे असे बघत होते की मी जणू दरीत गेलेली बस वर काढली आहे. मग मी बाहेरून जोडायची एक काळी डिस्क आणली आणि नकला तिच्यावर घ्यायला लागले.

वर्षाच्या आत पुन्हा तेच. आतून टकटक आवाज, मग काळा पडदा. म्हापशाचा दुरुस्तीवाला चक्रावला. एवढी चांगली डिस्क जाते कशी? नवी घालून, काळ्या डिस्कवरून यादी परत आणून लॅपटॉप तयार झाल्यावर त्याने सगुणभाऊंनाच चालवून बघायला सांगितला. भाऊंनी यादी उघडली, खालीवर केली, सगळं जागच्या जागी असल्याचं पाहून समाधानाने झाकण मिटलं आणि तळहाताने त्याच्यावर दोन थापा मारल्या. धप धप.

"हें कितें?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"कितें कितें?"

"धपको कित्याक मारलो?"

सगुणभाऊंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. बसच्या पत्र्यावर दोन थापा म्हणजे ड्रायव्हरला निघायची खूण. काम झालं, चल पुढे. तीस वर्षं दिवसातून शंभरदा मारलेल्या त्या थापा ते आता लॅपटॉपवर मारत होते, आणि आत डिस्क अजून फिरत असे.

"काका, ही बस न्हय," दुरुस्तीवाला म्हणाला. "हिच्यात ड्रायव्हर नाही."

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "टीचर, म्हज्याच हातान मारली मगे हांवें." त्यानंतर झाकण मिटलं की त्यांचा हात वर जायचा, हवेत थांबायचा आणि स्वतःच्या मांडीवर पडायचा. आम्ही दोघं हसत असू. मी दुसरी, चंदेरी डिस्क विकत आणली. एक शनिवार काळी, एक शनिवार चंदेरी, असा परिपाठ ठरवला. तारखेची चिठ्ठी डिस्कवर डकवायची, असंही ठरवलं होतं. ते मी ठरवलं, पण केलं नाही. कोणत्या डिस्कवर काय आहे ते मला पाठ होतं. पुढे चंदेरीची वायर सैल झाली, म्हणून तिला कपाटात ठेवून मी चार महिने सगळ्या नकला काळीवरच घेत राहिले. हेही मलाच माहीत होतं.

आता वैशालीबद्दल सांगते.

वैशाली कोरगावची, सगुणभाऊंच्या मूळ घराशेजारची. पेडण्याला बँकेत होती, वय चौतीस. शेऱ्याच्या रकान्यात तिच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, "सगळ्यांक जागा दिता, आपूण उबी." तिला चांगली स्थळं येत आणि पत्रिका बघून परत जात, कारण पत्रिकेत कडक मंगळ होता. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सगुणभाऊंचाही फार नव्हता. "म्हाका मंगळ केन्ना दिसलो ना," ते म्हणत, "पूण लोकांक दिसता, कितें करतलो?" पत्रिका वाचता त्यांना येत नव्हती. पण ती जन्मवेळ आली कुठून, हे त्यांनी विचारलं. वैशालीची आई म्हणाली, सासूबाईंनी सांगितली होती, दिवेलागणीला झाली म्हणून. सगुणभाऊ म्हणाले की ज्या बाईला सून वेळेवर उठलेली कधी दिसली नाही, तिने सांगितलेली वेळ मी धरणार नाही.

ते शोधायला निघाले. बाळंतपण करणारी सुईण वारली होती. तिची मुलगी फोंड्याला दिलेली; तिच्याकडे आईची एक वही होती. चार खेपा घालून त्यांनी ती मिळवली. तीत वैशालीचा जन्म दिवेलागणीच्या दोन तास आधीचा निघाला. भटजींनी नव्या वेळेवरून पत्रिका मांडली आणि मंगळ जागचा हलला. ती पत्रिका त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉपमध्ये घातली. माझ्या नियमाप्रमाणे त्याच नावाने, जुनी काढून टाकून. मी काळ्या डिस्कवर नक्कल घेतली आणि दुसऱ्या आठवड्यात, घराची किल्ली सगुणभाऊंकडे देऊन, तुमच्याकडे टोरांटोला आले. मीराचं पहिलं वर्ष होतं ते शाळेचं.

मी तिकडे असताना आमोण्याचं एक घर तयार झालं. मुलगा शिक्षक, चाळिशीला टेकलेला, जागा देणारा. मंगळ चालणार नाही, एवढीच त्याच्या आईची अट. सगुणभाऊंनी फोनवर छातीवर हात ठेवून सांगितलं, मंगळ नाही, पत्रिका आजच पाठवतो. फोन ठेवला, लॅपटॉप मिटला आणि आनंदाच्या भरात हात मांडीवर न पडता झाकणावर पडला.

तिसरी डिस्क गेली. म्हापशाला नवी घातली. आणि मग त्यांचा मला फोन आला. त्यांच्याकडे सकाळ, टोरांटोला संध्याकाळ. मी तुमच्यासाठी पोळ्या लाटत होते, फोन खांदा आणि कानाच्या मधे.

"टीचर, तुमच्या कपाटांत दोन डिस्की आसात. खंयची लावं?"

"नवी लावा," मी म्हटलं. नवी म्हणजे शेवटची नक्कल असलेली, असं माझ्या मनात.

"नवी म्हणजे?"

त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. माझ्या वर्गात एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. पण तव्यावरची पोळी करपत होती.

"नवी म्हणजे नवी, सगुणभाऊ," मी म्हटलं. "घोळ घालू नका."

"जाता, टीचर." बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुकानातून नंतर आणलेली, नव्यासारखी चकचकीत होती ती चंदेरी. त्यांनी तीच लावली. कुणीही तीच लावली असती. सैल वायर हाताने धरून ठेवली आणि चार महिन्यांपूर्वीचं सगळं जग परत आणलं. त्यातल्या "वैशाली" नावाच्या पत्रिकेत मंगळ जागच्या जागी होता. त्यांना तो वाचता येत नव्हता. त्यांनी ती आमोण्याला पाठवली.

चूक कळली ती आठवड्याने आणि फार विचित्र रीतीने. त्यांनी यादी बघून एका घरी मुलीसाठी स्थळ सुचवायला फोन केला. मुलीचा बाप म्हणाला, "सगुण, पिसावलो काय रे? तिच्या लग्नात तूच अक्षता टाकल्यास, चार वाट्या सोलकढी प्यालास." तेव्हा त्यांना उमगलं की लॅपटॉपमध्ये लग्न झालेल्या मुली पुन्हा कुमारिका झाल्या आहेत. ते धावले. खरी पत्रिका भटजींकडून पुन्हा लिहून घेऊन स्वतः आमोण्याला गेले. मुलाची आई दारातच उभी राहिली. तिच्या हातात पहिली होती, त्यांच्या हातात दुसरी. "आधी मंगळ होता, आता नाही," ती म्हणाली. "आठ दिवसांत मंगळ गेला कुठे? मुलीकडचे असे कागद बदलतात आणि तुम्ही ते पोचवता?"

सुईणीच्या वहीची झेरॉक्स त्यांनी दाखवली. ती बाई म्हणाली, वह्या काय, कुणीही लिहितं.

बोलणं आमोण्यात राहिलं नाही. दोन पत्रिकांची मुलगी, असं वैशालीला नाव पडलं. मंगळ परवडला असता. खोटेपणाचा डाग पत्रिका बदलून जात नाही. त्यानंतर तिच्या घरी कुणी विचारायलाच आलं नाही.

मी परत आले त्याच दिवशी संध्याकाळी सगुणभाऊ आले आणि गज न धरता खुर्चीवर बसले. सगळं सांगून म्हणाले, "हांव चुकलों, टीचर. तुमी सांगिल्लें नवी लाय, हांवें भलतीच लायली. तुमच्या शिस्तीची वाट लायली." ते गेल्यावर मी दोन्ही डिस्क जोडून बघितल्या. काळीत वैशालीची बरोबर पत्रिका होती, तारखेसकट. काय झालं ते मला दोन मिनिटांत कळलं. फोनवरचा माझा शब्द आठवला, माझा आवाजही आठवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "असू द्या. होतं असं कधी कधी."

एवढंच म्हटलं. माफ केल्यासारखं. चूक कुणाची ते सांगणारं वाक्य मी रात्रभर इंग्रजीत आणि मराठीत जुळवून ठेवलं होतं. पण ते इतक्या कृतज्ञतेने माझ्याकडे बघत होते की मला ते बोलवेना; निदान तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं. खरं म्हणजे वाड्यात मी कधी न चुकणारी टीचर होते, आणि ते मला आवडत होतं.

त्यांनी लग्नं जुळवणं थांबवलं. लॅपटॉप पुतण्याला परत पाठवला. हळूहळू माझ्याकडे यायचेही थांबले. रस्त्यात दिसले की बाजूला सरून मला वाट देत, आपण मोठा अपराध केला आहे अशा रीतीने. मी प्रत्येक वेळी ठरवत असे, आता सांगायचं. असं दीड वर्ष गेलं.

ते वारल्यावर मी वैशालीला पत्र लिहिलं. हाताने, चार पानं, काहीही न लपवता. तिचं उत्तर आलं ते लहान होतं. "टीचर, काका दर महिन्याला घरी येऊन चूक माझी म्हणायचे. मी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं." मी ते पत्र ठेवलं आहे. तुम्ही इथे याल तेव्हा वाचा.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका शुक्रवारी. ते गेले त्याच्या पंधरा दिवस आधी. म्हापशाचा बाजार करून मी डिचोलीच्या बसस्टँडवर उतरले. दोन्ही हातांत पिशव्या, एकीत मिरच्या, दुसरीत सुके बांगडे. सगुणभाऊ आमोण्याच्या बसची वाट बघत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, आत ती झेरॉक्स.

"आमोण्याला?" मी विचारलं. "आता कशाला? त्या मुलाचं लग्न झालं ना?"

"जालें तर. हांव पयलींय तीन फावटीं गेल्लों," ते म्हणाले. "लग्नाखातीर न्हय, टीचर. त्या बायलेच्या तोंडातून एकदां येवंक जाय, चलयेकडलीं फटकिरीं नाशिल्लीं म्हूण. फट हांवें केली म्हूण म्हणूं दी. पूण चलयेक न्हय."

मुलीकडची माणसं खोटी नव्हती, एवढंच त्यांना त्या बाईकडून वदवून घ्यायचं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी येते तुमच्याबरोबर, त्या बाईला मी सांगते, शब्द माझा होता. आमोणं काही लांब नाही. बस समोर येऊन लागली.

"तुमी घरा वचात," ते म्हणाले. "पिशव्यो जड आसात."

पिशव्या खरंच जड होत्या. मी मान हलवली.

गर्दी होती. ते पुढच्या दाराने चढले. आतून तरुण कंडक्टर ओरडत होता, आजोबा, मागे सरा, मागे. ते सरत गेले, ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, म्हणून कुठेही आधाराला धरता न येता. बस सुटली तेव्हा त्यांचा तोल गेला आणि शेजारच्या कुणीतरी त्यांना दंडाला धरून सावरलं. एवढं मला दिसलं.